घाडी मॅडमना शाल नको

पेढ्यांचा पुडा घेऊन नंदकिशोर दारात उभा राहिला, तेव्हाच घाडी मॅडमना वास आला. पेढ्यांचा नव्हे, कटाचा.

नंदकिशोर काही कालचा पोर नव्हता. पन्नाशीला टेकलेला, औषधांच्या कंपनीत साहेब, ऑफिसात त्याच्या शब्दावर माणसं उठत-बसत. पण मॅडमच्या मुलुंडच्या घरात पाऊल टाकलं की त्याच्या अंगात शिकाऊ लायसन संचारायचं. गाडी चालवायला त्याला मॅडमनीच शिकवलं होतं. परीक्षेत तो दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा चढावर गाडी मागे आली म्हणून. आणि दोन्ही वेळा मॅडमनी त्याला घरी आणून, चहा पाजून, मग झापलं होतं. चहा पाजून केलेली झापणी माणूस विसरत नाही.

"मॅडम, गोड बातमी आहे."

"कुणाला काय झालं?"

"तसं नाही हो. येत्या रविवारच्या रेसला आपल्या ग्रुपतर्फे तुमचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं व्यवस्थित. हिरवा झेंडासुद्धा तुमच्याच हस्ते."

"बरं. आणि माझी हीट कितवी?"

नंदकिशोरने पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला घेतली. ती सुटेना.

"तुम्ही पाहुण्या ना, मॅडम. पाहुण्या कशा गाडी पळवणार?"

आपल्याकडे माणसाला घालवायच्या दोन रीती आहेत. नको असलेल्याला हाकलतात आणि हव्या असलेल्याचा सत्कार करतात. दुसरी रीत जास्त वाईट, कारण तिच्याविरुद्ध भांडता येत नाही. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, दोन माणसं चांगलं बोलली, की उरतं काय? खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं. मॅडमनी आयुष्यात अशा शाली पुष्कळ पाहिल्या होत्या. शाल घेतलेला माणूस परत कामाला लागलेला मात्र पाहिला नव्हता.

प्रेमा घाडीगावकर हे त्यांचं पूर्ण नाव. ते उच्चारायला वेळ लागतो आणि गाडी शिकताना माणसाकडे वेळ नसतो, म्हणून सगळ्या मुलुंडसाठी त्या घाडी मॅडम झाल्या. वडील सिंधुदुर्गातून येऊन गिरणीला लागले, गिरणी बंद पडल्यावर टॅक्सी चालवू लागले, आणि त्या टॅक्सीत शेजारी बसून लेकीने गिअर आधी पाठ केले, पाढे नंतर. लग्न होऊन मुलुंडला आल्यावर त्यांनी पाच रस्त्याजवळ एक गाळा घेऊन 'सातेरी मोटार ट्रेनिंग स्कूल' अशी पाटी लावली. सुरुवातीला पुरुष यायचे, गाडीत शिकवायला बाई बसलेली पाहायचे आणि 'उद्या येतो' म्हणून जायचे. त्यांतले बरेच नंतर बायकोला शिकवायला घेऊन आले आणि बायकोच्या मागच्या सीटवर बसून चोरून स्वतः शिकून गेले.

शिकवणाऱ्याची सीट मोठी विचित्र असते. पायाशी क्लच असतो, ब्रेक असतो, समोर स्टीअरिंग मात्र नसतं. ते कायम दुसऱ्याच्या हातात. शिकाऊ माणूस रिक्षावर जायला लागला की उजवा हात लांब करून चाक सरळ करायचं आणि पुन्हा मांडीवर ठेवायचा. मॅडमचा उजवा हात असा जन्मभर आडवा जात राहिला. निम्मं मुलुंड त्या हाताने सरळ केलं, असं त्यांचे यजमान चंद्रप्रकाश म्हणायचे, आणि उरलेलं निम्मं अजून वाकडंच आहे, असं मॅडम म्हणायच्या.

लॉकडाउनमध्ये शाळेची गाडी ताडपत्रीखाली गेली. घरात बसून मॅडम चंद्रप्रकाशना तांदूळ कसे निवडावेत ते शिकवू लागल्या, तेव्हा त्यांनीच घाबरून माळ्यावरून एक खोकं काढून दिलं. त्यात मुलाचा, सुयोगचा, रिमोटवर चालणारा ट्रक होता. सुयोगने तो नोकरी लागल्यावर हौसेने घेतला, महिनाभर पळवला आणि विसरला.

हा ट्रक म्हणजे लहान पोरांचं खेळणं नव्हे. दोन्ही हातांनी उचलायचं धूड, चार काटेरी चाकं, प्रत्येक चाकावर स्प्रिंगचा शॉक. रिमोटला पिस्तुलासारखी मूठ. डाव्या हाताच्या बोटाने घोडा ओढला की ट्रक पळतो, आणि बाजूचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवलं की वळतो. म्हणजे स्टीअरिंग! मॅडमनी गच्चीवर ते छोटं चाक पहिल्यांदा फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे चंद्रप्रकाशनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी शाळेच्या गाडीवरचा लाल 'एल' खरवडून ट्रकच्या पाठीवर चिकटवला.

पुढे मुलुंड पूर्वेला मिठागरांकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर असे ट्रक पळवणारी मंडळी आहेत असं कळलं. मॅडम गेल्या, तर तिथला म्होरक्या नंदकिशोर. मातीचे उंचवटे, उडी मारायचा एक चढ, पन्हाळीच्या पत्र्यासारखी उठलेली माती, आणि ट्रॅकच्या कडेने जुने पाण्याचे पाइप. सगळे चालक बांबूच्या स्टेजवर ओळीने उभे राहून खालचे ट्रक पळवतात. त्या मंडळींचा एकच कडक नियम: जो पळवेल तो उचलेल. आपली हीट, म्हणजे आपल्या गटाची शर्यत, संपली की नारिंगी जाकीट घालून ट्रॅकच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं, आणि पुढच्या हीटमध्ये कुणाचा ट्रक उलटला की धावत जाऊन चार चाकांवर ठेवायचा. ज्याचा उलटला त्याने स्टेजवरून ओरडायचं, 'उचला!' कंपनीचा मॅनेजर असो की गॅरेजवाला, यातून सुटका नाही. मॅडम तीन वर्षं पळवत होत्या, उचलत होत्या, दोनदा बक्षिसाचा पेलाही घेऊन आल्या होत्या.

मग हात थरथरायला लागला. उजवाच.

डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, जिवाला धोका नाही, या गोळ्या घ्या. मॅडमनी गोळ्या घेतल्या. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. मॅडम हट्टी होत्या, मूर्ख नव्हत्या. ज्या गाडीत माणसं बसतात त्या गाडीत असला हात नको, हे त्यांचं त्यांना पटलं, आणि शाळेची पाटी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. कारण मिठागरावरचा ट्रक होता. त्यात माणूस बसत नव्हता.

ग्रुपने पहिल्यांदा सांगितलं, मॅडम, तुम्ही उचलायला उभ्या राहू नका, आम्ही आहोत ना. मॅडमना ते प्रेम वाटलं. तिथेच चुकलं. पुढच्याच रेसला त्यांचा ट्रक चढावरून उडताना वाकडा झाला, पाइपावरून पलीकडे गेला आणि वडापाव खात उभ्या असलेल्या ग्रुपमधल्या मुकुलच्या नडगीवर बसला. नडगी काळीनिळी झाली. मुकुल बिचारा लंगडत हसला. कुणी ओरडलं असतं तर मॅडम भांडल्या असत्या, पण सगळे गोड बोलले. त्या गोडीचाच आता पेढा झाला होता.

"नंदू, पुडा ठेव खाली," मॅडम म्हणाल्या. "मी हीटमध्ये उतरणार."

"मॅडम, पुन्हा कुणाला लागलं तर?"

"बरोबर बोललास. म्हणून अट घालते. माझा ट्रक पाइप ओलांडून बाहेर गेला, तर तिथल्या तिथे शाल घेईन, नारळ घेईन, वर भाषण करीन. पुन्हा रिमोटला हात लावणार नाही. नाही गेला, तर ती शाल तुझी तू पांघर."

नंदकिशोरने मान हलवली. ज्या बाईने हाफ क्लच शिकवला तिला नाही म्हणायची ताकद अजून त्याच्यात आली नव्हती.

तो गेल्यावर आतल्या खोलीतून चंद्रप्रकाश आले. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "अगो, तुका ते मखरात बसवतत. मखरातलो गणपती पाचव्या दिवशी खय जाता, ठावक आसा मा?"

"म्हणून तर बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "परात द्या ती."

परातीत ट्रक ठेवला म्हणजे शॉकमधलं तेल लादीवर सांडत नाही. शॉक म्हणजे बोटभर नळी. आत दट्ट्या, भोवती स्प्रिंग आणि पोटात तेल. तेल पातळ असेल तर ट्रक खड्ड्यावर नाचतो, दाट असेल तर संथ होतो. मॅडमनी विचार केला, हात नाचतो आहे ना, मग ट्रकला संथ करू. चारी शॉकमध्ये सगळ्यांत दाट तेल भरलं. दट्ट्या हळूहळू वरखाली करून बुडबुडे काढले. स्प्रिंग घट्ट केल्या. रिमोटमध्ये चाकं वळण्याची हद्द कमी केली, म्हणजे हाताने कितीही गोंधळ घातला तरी चाकं थोडीच वळतील. स्क्रू मुंगीएवढे आणि हात असा. निम्मे स्क्रू लादीवर जायचे आणि चंद्रप्रकाश दोरीला बांधलेलं लोहचुंबक कपाटाखाली फिरवत बसायचे. "मासे लागतत काय बघतंय," म्हणायचे. एकदा त्या लोहचुंबकाला मॅडमची दिवाळीपासून हरवलेली साडीपिन लागली.

सकाळी प्लॉटवर कोणी नसताना मॅडमनी ट्रक पळवला. सरळ रस्त्यावर ट्रक असा गेला की वा! मग ती पन्हाळी माती आली. दाट तेलाने शॉक लाकडासारखे झालेले, चाकांना जमिनीचा उंचसखलपणा कळेचना. ट्रक एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर टणाटण उडत गेला, आणि पुढच्या वळणावर हद्द कमी केलेली चाकं जेमतेम वळली. एखाद्या मंत्र्यासारखा, इकडेतिकडे न बघता, ट्रक सरळ पाइपावर जाऊन आदळला.

मॅडमनी पाय आपटला. खरं म्हणजे पाय ब्रेकवर गेला होता. डाव्या सीटवर जन्म काढलेल्या माणसाचा पाय, घाबरला की, नसलेल्या ब्रेकवर जातोच. रिक्षात जातो, विमानात जातो, पाळण्यात बसलं तर तिथेही जाईल.

त्या पायामुळेच त्यांना जुनी गाडी आठवली. शाळेची पहिली, सेकंडहँड घेतलेली. तिच्या स्टीअरिंगला प्ले होता, म्हणजे ढिलाई. चाक दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे फिरवलं तरी गाडीला पत्ताच लागायचा नाही. मेकॅनिक कुंडलिक दर सर्व्हिसिंगला म्हणायचा, मॅडम, प्ले काढून टाकतो. मॅडम काढू द्यायच्या नाहीत. त्यांच्याकडे शर्मिष्ठा नावाची एक शिक्षिका शिकायला यायची. स्टीअरिंग धरलं की तिचे हात लटलट कापायचे. नव्या, कडक गाडीत बसवलं की गाडी रस्त्यावर सापासारखी जायची. जुन्या गाडीत बसवलं की सरळ. तिची थरथर त्या ढिलाईतच जिरायची, चाकांपर्यंत पोचायची नाही. 'कापू नकोस' असं मॅडम तिला एकदाही म्हणाल्या नव्हत्या. कापणाऱ्याला कापू नको म्हटलं की तो जास्त कापतो.

"आणि स्वतःच्या हातावर मात्र मी इतके दिवस खेकसतेय," मॅडम मोठ्याने म्हणाल्या. आसपास बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं. "थरथर ना? थरथर बाबा! तुझ्यासाठी जागा करते."

घरी येऊन दाट तेल ओतून टाकलं. पुढच्या शॉकमध्ये मधलं, मागच्यात त्याहून पातळ, म्हणजे मागची चाकं माती सोडणार नाहीत. वळण्याची हद्द पूर्ण केली. रिमोटमध्ये एक सोय असते: छोट्या चाकाची मधली जागा आळशी करता येते. मधल्या मधे हलवलं तर ट्रक ढिम्म, कडेपर्यंत फिरवलं तर पूर्ण वळतो. तीच कुंडलिकने न काढलेली ढिलाई. शेवटी स्टीअरिंगच्या सळया जरा जरा पिळून पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवली. आत पावलं टाकत चालणारा माणूस दिसायला बरा दिसत नाही, पण सहसा वाट सोडत नाही, ट्रकचंही तसंच.

शुक्रवारी सकाळी प्लॉटवर ट्रक वळला, उडला, पन्हाळी मातीवरून पोट न आपटता गेला आणि पाइपाला शिवला नाही. मॅडम घरी येताना कोळंबी घेऊन आल्या.

शनिवारी सुयोग आला. ऐरोलीला नोकरी, घणसोलीला घर, स्वभावाने गरीब. सत्काराच्या कटात तोही होता, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं.

"आई, लोकांनी प्रेमाने ठरवलंय गं."

"माहीत आहे."

"मग मानाने थांब ना."

"मानाने सिग्नलला थांबायचं असतं, सुयोग. हिरवा लागला की निघायचं असतं."

"तू हरलीस तर? सगळ्यांसमोर? मला नाही बघवणार यार."

"तू नको बघूस. तुला सायकल शिकवताना मी तुझी ढोपरं फुटलेली बघितली ना? तसं कोणीतरी माझं बघेल." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "मला हरायची भीती नाही रे. हरायला स्टेजवर उभं राहावं लागतं. मला खाली खुर्चीत नाही बसायचं. खुर्चीत बसले की मी संपले. कळतंय का तुला?"

सुयोगला कळलं असावं. कोळंबीभात दोनदा घेऊन तो गेला.

रविवारी प्लॉटवर मांडव होता. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर प्लास्टिकमधली शाल, शेंडीवाला नारळ आणि चौकटीतलं मानपत्र. अट सगळ्यांना कळली होती, त्यामुळे गर्दी नेहमीहून जास्त. मुकुल पाइपापासून लांब, टेबलाच्या मागे उभा होता.

हीटच्या आधी सरावाची फेरी असते. मॅडम स्टेजवर चढल्या. हातात रिमोट घेतला, घोडा ओढला, आणि ट्रक पहिल्या सरळ रस्त्यावरच दारू प्यायल्यासारखा झाला. डावी-उजवी, डावी-उजवी. वळणावर भेलकांडला, चढाआधीच उताणा. खालून कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. वाट लागली!

मॅडमनी हाताकडे पाहिलं. शुक्रवारी थरथरत होता त्याच्या दुप्पट थरथरत होता.

आणि त्यांना हसू आलं. जन्मभर त्या शिकाऊंना सांगत आल्या होत्या: गल्लीत गाडी सगळ्यांनाच येते, निरीक्षक शेजारी बसला की बघा. हाच नंदकिशोर योगी हिलच्या चढावर गाडी खिळवून ठेवायचा आणि परीक्षेला मागे आणायचा. आणि त्यांनी स्वतः काय केलं? रिकाम्या प्लॉटवर, बगळ्यांसमोर, निवांत हाताला गाडी जुळवली. परीक्षेतल्या हाताला जुळवलीच नाही. दुसऱ्याने असं केलं असतं तर चहा पाजून झापला असता.

त्या स्टेजवरून उतरल्या. चंद्रप्रकाश परात घेऊन उभेच होते.

"आता गो?"

"ढील कमी पडली. अजून सोडते."

रिमोटमधली मधली जागा त्यांनी आणखी आळशी केली, इतकी, की नंदकिशोरने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्याने तर गाडी वळायला उशीर करेल."

"मग मी आधी वळवायला सुरुवात करीन. तुला काय सांगितलं होतं? वळण नाकासमोर आल्यावर वळायचं नसतं."

पुढच्या चाकांची तोंडं त्यांनी अजून थोडी आत घेतली. एक सळई हातून सुटली, मातीत गेली, चंद्रप्रकाशनी फुंकून परत दिली. हात कापत होता तसा कापू दिला. सगळे पाहत होते, त्यांनी पाहू दिलं. लपवायचं सोडलं की अर्धं ओझं उतरतं, हे त्यांना त्या परातीपाशी बसून कळलं.

हीटला आठ ट्रक. झेंडा पडला. मॅडमचा 'एल' सगळ्यांत शेवटी निघाला, कारण पहिल्या धक्काबुक्कीत त्यांना जायचंच नव्हतं. हात रिमोटवर थरथरत होता आणि खाली ट्रक सरळ चालला होता. पहिलं वळण यायच्या बरंच आधी त्यांनी चाक फिरवायला घेतलं. बघणाऱ्याला वाटलं बाई चुकली, तोवर ट्रक वळणाला लागून, आतल्या बाजूने, सुळकन निघून गेला. पन्हाळी मातीवर मागची चाकं जमीन धरून राहिली. पुढे दोघे एकमेकांत अडकून उलटले, त्यांना वळसा. तिसऱ्या फेरीत मॅडम सहाव्या, मग पाचव्या. त्यांचा उजवा पाय स्टेजच्या फळीवर दाबलेला होता आणि फळी कुरकुरत होती.

शेवटच्या फेरीत चढ आला. तोच, मुकुलच्या नडगीचा. चढाला ट्रक चढला आणि हाताला एक मोठा झटका आला. ढिलाईत न जिरणारा. ट्रक हवेत वाकडा झाला. खाली उतरला तो पाइपाला लागूनच, आणि त्याचं पुढचं एक चाक पाइपावर चढलं. बाहेर की आत? घाबरलेला माणूस तिथे चाक गर्रकन फिरवतो. मॅडमनी काहीच केलं नाही. घोडा किंचित सोडला आणि थांबल्या. आत वळलेल्या चाकांनी, मऊ शॉकांनी, ट्रक पाइपावरून आतल्या बाजूला घरंगळला, दोनदा डुलला आणि सरळ झाला.

"आत आहे!" मॅडम स्टेजवरून ओरडल्या. "आत आहे रे, नंदू, लिहून घे!"

त्या पाचव्या आल्या. पाचव्याला काही मिळत नाही. टाळ्या मात्र इतक्या झाल्या की झाडावरचे कावळे उडाले, आणि सुयोग, ज्याला बघवणार नव्हतं, तो टेबलामागून शिट्टी मारत होता.

मॅडम खाली आल्या. नंदकिशोर हात जोडून पुढे झाला. त्याचे डोळे ओले होते. "मॅडम, जिंकलात तुम्ही. आता बसा खुर्चीत. पुढची हीट माझी, आरामात बघा."

म्हणजे खुर्ची होतीच! मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं. तिच्या पाठीवर कोणीतरी झेंडूची माळही लावली होती. मग त्यांनी खुंटीवरचं नारिंगी जाकीट काढलं, अंगात घातलं आणि चढाजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मुकुल धावत आला, म्हणाला, "मॅडम, मी उभा राहतो ना." मॅडम म्हणाल्या, "तुझी नडगी सांभाळ. जो पळवेल तो उचलेल."

हीट सुरू झाली. नंदकिशोर उत्तम पळवतो. पहिला होता. पण त्या दिवशी त्याचं लक्ष ट्रॅकवर कमी आणि चढाजवळच्या नारिंगी जाकिटावर जास्त होतं. ज्याचं लक्ष उडतं त्याचा ट्रक उडतो. त्याचा ट्रक चढावरून गेला, नाकावर पडला आणि मॅडमच्या पायांपासून हातभर अंतरावर उताणा झाला. चारही चाकं हवेत फिरत राहिली.

मॅडम हलल्या नाहीत.

स्टेजवरून सगळे ओरडतात तसं नंदकिशोरला ओरडता येईना. मॅडमना? 'उचला' म्हणायचं? त्याने दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाला हाताने खूण केली. तो माणूस धावला. मॅडमनी उजवा हात आडवा धरला, जसा जन्मभर स्टीअरिंगवर आडवा गेला होता, आणि तो माणूस जागच्या जागी थांबला. हात कापत होता. पण आडवा होता.

"माझा कोपरा आहे," मॅडम म्हणाल्या. मग स्टेजकडे मान वर करून, "नंदू! गाडी उलटलीय तुझी. काय म्हणतात?"

एक ट्रक बाजूने गेला. दुसरा गेला. नंदकिशोर पहिल्याचा तिसरा झाला.

"मॅडम..."

"मॅडम नाही म्हणत!"

तिसरा गेला. नंदकिशोरचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि तो स्टेजवरून, रेसमध्ये माणूस माणसावर ओरडतो तसा, पूर्ण ताकदीने ओरडला, "उचला! उचला ना, काय बघताय!"

"हां," मॅडम म्हणाल्या, वाकल्या, दोन्ही हातांनी ट्रक उचलला, आणि थरथरत्या हातांनी चार चाकांवर ठेवून दिला.

मांडवात चंद्रप्रकाशनी टेबलावरचा नारळ उचलून पिशवीत टाकला होता. सोलकढीक लागतलो, असं ते सुयोगला सांगत होते.